दिवस बुडायच्या आत

विश्रामबागेत, चौगुल्यांच्या मेडिकलवर माझी खोली.
भरतेश मगदूम, समडोळीचा,
बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजात हिशेब लिहितो.
दर गुरुवारी सातला यायचा.

मी चहा पुढे करायची.
तो कप बोटानं थोडा सरकवायचा,
नको असंही म्हणायचा नाही.
सोबत स्वतःची बाटली, उकळून गाळलेलं पाणी.
तेही माझ्यासमोर प्यायचा नाही.
फाइलमध्ये मी लिहिलं : विश्वास बसलेला नाही.
आणि खाली, बारीक अक्षरात :
मंत्रचळ? तपासावं.

तिसऱ्या गुरुवारी बोलला.
पलूसच्या बँकेत एकजण आहे. सहा वर्षं झाली.
त्याचं नाव घेताना दाराकडे पाहिलं,
मग माझ्याकडे पाहून विचारलं,
"चतुर्दशीला अभिषेकाचा मान आमच्या घराकडे असतो.
कलश मी उचलतो.
हे हात चालतात का, मॅडम?"

उत्तर माझ्याकडे तयार होतं,
पुण्याच्या कार्यशाळेत तीन दिवस घोटलेलं.
म्हटलं, जो धर्म तुला गुन्हेगार ठरवतो
त्याच्या दारात तू उभाच का राहतोस?

तो उठला. चप्पल घालताना म्हणाला,
"घर पाडायला नव्हतं बोलावलं तुम्हाला.
एक खोली गळत्ये, तेवढंच सांगत होतो."

चार गुरुवार खुर्ची रिकामी.

भाद्रपदात, त्यांचे क्षमेचे दिवस आले
म्हणून मोबाइलवर शोधून
मी त्याला पाठवलं : मिच्छामि दुक्कडम्.
दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं,
"ते श्वेतांबर म्हणतात, मॅडम.
आमच्यात उत्तम क्षमा.
पण पोचलं."

त्या संध्याकाळी खाली उतरले.
चौगुले काउंटरमागे डबा उघडून बसलेले,
सहाच्या ठोक्याला, रोजच्यासारखे.
अकरा वर्षं मी समजत होते, यांना अ‍ॅसिडिटी असावी.
विचारलं तर हसले.
"दिवस बुडायच्या आत जेवतो आम्ही.
तुम्ही कधी विचारलंच नाही."

मग मी विचारायला शिकले.
त्याला कळवलं, साडेचार चालेल?

आला. चहा घेतला, बशीत ओतून.
विचारलं, कलश उचलतोस तेव्हा काय होतं?
चाळीस मिनिटं बोलला.
दगडाच्या खांद्यावरून दूध उतरतं, ते.
ओल्या धोतराचा गारवा.
आणि हे, की आठवड्यातली तेवढीच एक वेळ
जेव्हा तो कुणाशी खोटं बोलत नसतो.

हातांचं पुन्हा विचारलं त्यानं.
मी म्हटलं, मला माहीत नाही.
हे सांगणारी मी कोण? तुमच्यात कुणाला विचारतात असलं?
तो बराच वेळ पंख्याकडे बघत राहिला.
"आत्या आहे. ब्रह्मचारिणी. कुंभोजला असते.
लहानपणी मुंगीला वाट देऊन चालायला तिनंच शिकवलं."
सांगशील तिला?
"अजून नाही."

फाइलमधला मंत्रचळ मी खोडला.
खाडाखोड दिसते अजून, दिसू दे.

उन्हं खिडकीच्या गजांवर आली तसा त्यानं डबा काढला,
चपाती आणि दोडक्याची भाजी, बिनकांद्याची.
एक चपाती मोडून निम्मी माझ्यापुढे धरली,
"घ्या, अजून वेळ आहे."

त्याच्या हातातून मी घेतली.