एका रुळावर दोन

किचनच्या टेबलावर ड्रॅगन उघडा पडलाय,
झाकण काढलेला, जुन्या दातांसारखा पिवळट.
त्र्याऐंशी साली याच गावात, पोर्ट टॅलबटला जन्मला.
शेजारची ग्वेनलियन तेव्हा त्या लाइनवर बसायची.
चष्मा कपाळावर सरकवून ती एकेक डाख बघते:
"हा माझा नाही. मी इतकी गबाळी नव्हते."
आणि चहात तिसरा चमचा साखर घालते.

चौसष्ट हजार खण, एकालाही कडी नाही.
दोन प्रोग्राम एकत्र नांदवायचे म्हटलं
की एक बिचारा कोपऱ्यात सेकंद मोजत बसतो,
दुसऱ्याचा तोल जातो, तो थेट याच्या ताटात,
आणि पडदा हिरवागार.
सगळे एकदम गेलेले.
चूक कुणाची, हे सांगायलाही कुणी उरत नाही.

म्हणून ही पाटी, तळहाताएवढी.
सात चिप्स, चाळीस पायांचं सॉकेट,
भिंगाखाली माझा थरथरता हात.
प्रत्येक पत्ता आधी हिच्यापाशी येईल,
ही विचारील, कुणाचा रे तू? कुठे निघालास?

सोपं वाटतं.
पण या प्रोसेसरला मालक आणि भाडेकरू एकच.
जो चालतो तो राजा.
पाटीच्या किल्ल्याही त्याच खणांत ठेवायच्या,
म्हणजे कुणीही हात घालणार,
कुंपणच शेत खाणार.
तीन आठवडे मी इथेच अडलो होतो.

मग एका रात्री स्कोपवर दिसलं.
व्यत्यय आला की शेजारच्या दोन पिनांतली
एक खालीच राहते, दुसरी मान वर करते,
निमिषभर,
जणू प्रोसेसर नकळत बोलून जातो:
आत्ता मी कुणाचा नाही, आत्ता मी घरचा.
तेवढी खूण धरली.
त्या निमिषात कुलूप उघडायचं,
परतीची पावलं मोजून पुन्हा लावायचं.

ग्वेनलियन म्हणाली, "एमलिन, या वयात
दोन दोन प्रोग्राम कोण चालवणार आहे यावर?"
मी म्हटलं, हौस.

सत्तावीस वर्षं पोलादाच्या कारखान्यात क्रेन चालवली.
एका रुळावर दोन क्रेन, माझी आणि डिल्विनची,
आणि मध्ये मुठीएवढा एक स्विच,
फार जवळ आलो की वीज तोडणारा.
तो उगाचच तोडायचा, पाळी खोळंबायची,
फोरमन खालून आमच्या आयांचा उद्धार करायचा.
एका नोव्हेंबरात मी तो तारेने बांधून टाकला.
दोनच वेढे.
चौथ्या दिवशी डिल्विनचा पाय, गुडघ्याखाली.
चौकशीत तार सापडली नाही.
ती माझ्या खिशात होती.

पुढे दर शनिवारी तो मला बियर पाजायचा,
काठी खुर्चीच्या पाठीला अडकवून.
रग्बीबद्दल बोलायचा, नातवाच्या दातांबद्दल.
त्याने कधी विचारलं नाही,
मी कधी सांगितलं नाही.
मार्चमध्ये गेला.

आज दुपारी पाटी बसवली.
घड्याळाचा प्रोग्राम लावला, आणि शेजारी मुद्दाम
एक उनाड सोडला, दिसेल तिथे शून्यं गिरवणारा.
तो सुसाट निघाला, दुसऱ्याच्या उंबऱ्याशी आला,
आणि संपला.
अर्धं टाकलेलं पाऊल मागे घेणं
या प्रोसेसरला जमत नाही; अडवला तो गेलाच.
घड्याळ चालत राहिलं.
दोन वाजून सात मिनिटं एकतीस.
बत्तीस.
तेहेतीस.

"एवढंच?" ग्वेनलियन म्हणाली.
एवढंच.

ती गेल्यावर दिवा न लावता बघत बसलो.
मग वीज बंद केली, पाटी काढून हातात घेतली.
कडेला एक जम्पर आहे, चाचणीसाठी ठेवलेला;
लावला की सगळी दारं सताड.
ड्रॉवरमध्ये ती पक्कड अजून आहे, मुठीचं रबर झिजलेली.
ती काढली,
आणि जम्परचे दोन्ही पाय
मुळापासून कापले.