इतिवृत्त

लानवेरन नगर परिषद, विशेष सभा.
गुरुवार, संध्याकाळी सात.
उपस्थिती एकशे बारा, खुर्च्या ऐंशी.
उरलेले भिंतीला टेकून, ओले कोट काखेत.

विषय : बायपासला लागून
प्रॉसरच्या कुरणावर सुपरमार्केट.
गाड्यांना जागा तीनशे वीस, फुकट.

मी चिटणीस. मला मत नाही,
फक्त दहा बोटं आहेत.

कंपनीचा तरुण पडद्यावर चित्र दाखवतो.
चित्रात ऊन आहे, वेल्सला परवडेल त्याहून जास्त,
आणि सायकलवर एक मुलगी
जी या गावात कुणाचीच नाही.
एकशे चाळीस नोकऱ्या, तो म्हणतो.
मागून आवाज : त्यातल्या पूर्णवेळ किती?
तो कागद चाळत राहतो.
मी लिहिते : माहिती नंतर पुरवण्यात येईल.

गेथिन खाटीक उठतो.
आधी बुटांचं दुकान गेलं, मग बँक गेली,
पोस्ट औषधवाल्याच्या कोपऱ्यात जाऊन बसलं.
आता हाय स्ट्रीटवर केस कापणारे सहा.
उपाशी मरू आपण, पण मरताना
भांग नीट असेल.
हशा. हशा मी लिहीत नाही.

मग मेरेरिड. अजून निळ्या गणवेशातच.
रोज आठ घरं करते मी, ती म्हणते,
तुमच्याच आयांना अंघोळी घालते.
सुटते सव्वासहाला.
तेव्हा तुमच्या रस्त्यावर उघडं काय असतं?
दिवे.
तुझ्याकडचं मटण चांगलं असतं म्हणे, गेथिन.
मी ऐकून आहे.

कुणीतरी खोकलं. गेथिन बसला,
खुर्ची करकरली.
मी लिहिते : काही रहिवाशांनी वेळेचा मुद्दा मांडला.

सगळे वाट पाहत होते ती इडवल पॅरीची.
तीन पिढ्यांचं लोखंडी सामान,
खिळेसुद्धा तागडीत तोलून देणारा.
त्याने खिशातून एक स्क्रू काढला,
दिव्यासमोर धरला.
हा एकच मिळेल तिकडे?
तरुण म्हणाला, वीसचं पाकीट येतं.
काय टाळ्या पडल्या!

टाळ्या नकोत, इडवल म्हणाला.
मंगळवारपासून माझ्याकडे चार माणसं आली.
एकाला सुटे पैसे हवे होते.
एकाने माप विचारलं, लिहून घेतलं,
आणि माझ्याच गल्ल्याला कोपर टेकून
फोनवरून दुसरीकडे मागवलं.
या महिन्यात माझ्या दुकानात कोण आलं होतं?
हात वर करा.

हात वर झाले. थोडे.
काही अर्ध्यावर जाऊन कान खाजवू लागले.

माझी बोटं कळांवर होती.
टेबलाखाली माझी पिशवी,
सव्वीस मैलांवरून आणलेली :
धुण्याची पावडर, संत्री,
आणि न्हाणीच्या दाराला एक कडी.
इडवलकडे कितीला पडली असती
मी विचारलंच नव्हतं.
पिशवीवरचं नाव भिंतीकडे वळवून ठेवलेलं.
ताकाला जाऊन भांडं लपवणारी
त्या सभागृहात मी एकटीच नसावी,
पण भांडं पायाशी घेऊन बसलेली मी एकटीच.

ठराव : निर्णय मेच्या सभेपर्यंत तहकूब.
सभा संपली, नऊ वाजून चाळीस मिनिटं.

दिवे मालवताना तो तरुण दाराशी थांबला.
त्याचं नाव ऑस्टिन, ते मी आधीच टंकलं होतं.
जवळून पाहिला तर कॉलर मळलेली,
सकाळपासून गाडी चालवत आलेला.
इथे आत्ता काही खायला मिळेल?

मी आठवून पाहिलं.
पबचं स्वयंपाकघर आठला बंद.
मासे-चिप्सवाला सोमवारपासून मुलीकडे, कार्डिफला.
पेट्रोल पंपावर चॉकलेट, चालत जायचं तर अर्धा तास.
गावाच्या बाजूने सांगावं असं
काहीच सुचेना.

खाली वाकले, दोन संत्री काढली.
पिशवी वळली. नाव समोर आलं.
त्याच्याच कंपनीचं.
त्याने वाचलं. मी वाचताना पाहिलं.
दोघंही पावसाबद्दल बोललो.

हे इतिवृत्तात नाही.
संत्री गोड होती की आंबट
तेही त्याने कळवलेलं नाही.