चार तासांचा शब्द

सेल्बी आर्चबोल्डला पुढच्या खोलीत ठेवलंय,
खिडकीकडे पाय करून.
उद्या अकराला गाडी येईल.
मावीस म्हणाली, आज रात्री कुणीतरी बसायला हवं.
वरच्या खोलीचं भाडं भरणारा मी,
बूट काढून खाली आलो.

नॉर्दम्बरलंडचा किनारा. बाहेर समुद्र
पत्र्यावर वाळू ओतावी तसा.
तिनं चहा केला, चमचा उभा राहील इतका दाट,
आणि टेबलावर दोन वस्तू मांडल्या:
त्याचं मनगटी घड्याळ,
आणि टेहळणीच्या खोपटातली वही.
खोपट केव्हाच बंद झालं, पत्रा लोकांनी नेला,
वही तेवढी त्यानं कोटाखालून घरी आणली.
"दोन्ही वॉचच," ती म्हणाली.
"एक बांधायचं, एक करायचा."

मी शब्दकोश चाळणारा माणूस,
मेलेल्याच्या घरीही सवय जात नाही.
सांगितलं तिला:
हा शब्द मुळात डोळ्यांचा नाही.
हजार वर्षांमागे त्याचा अर्थ एवढाच,
जागं असणं.
'वेक' ज्या खोडातून फुटला, त्यातूनच हाही;
एक जागा झाला, दुसरा जागाच राहिला.
पाहणं त्याला मागाहून चिकटलं,
रात्रपाळीच्या माणसाला खोकला चिकटतो तसं.
मग राखण. मग जहाजावरची चार तासांची पाळी.
मग खिशातलं टिकटिकणारं यंत्र,
पण ते नेमकं कसं, यावर पंडितांचं जमत नाही.

"आणि तुमच्यात?"

आमच्यात प्रहर, तीन तासांचा.
झिजत झिजत त्याचा पहारा झाला.
आणि कुणी यायचं असलं की आम्ही वाट पाहतो.
माणूस नाही, वाट.

ती हसली. "इथे वाट कुठली? पाणी."

वही उघडली. त्र्याऐंशी सालचा नोव्हेंबर.
०१:०० वारा ईशान्येचा, जोर सहा. काही नाही.
०२:०० काही नाही.
०३:०० एक ट्रॉलर, दक्षिणेकडे.
०३:४० आमच्या स्वयंपाकघरात दिवा. अजून जागी.
पान उलटलं. पुन्हा: अजून जागी.
त्या हिवाळ्यात अकरा वेळा,
सरकारी वहीत, सरकारी शाईनं,
एखाद्या बोटीची नोंद करावी तशी.

मावीसनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.
"जागी कसली," ती म्हणाली,
"विणकाम मांडीवर, तोंड उघडं, ढाराढूर.
दिवा मालवायचा राहायचा, बस.
विजेच्या बिलावरून भांडायचा मेला,
हे मात्र कधी बोलला नाही."

मी काय सांगणार?
शब्दकोशात याला जागा नाही:
एक माणूस चार तास डोळे फाडून पाहत होता,
चुकीचं पाहत होता,
आणि त्या चुकीच्या आधारानं
अख्खा हिवाळा जागला.

खोलीत पॉलिशचा वास. सेल्बीचे जोडे
कुणीतरी फारच चकचकीत केले होते.
पावणेचारला माझी मान कलंडली.
तिनं उठवलं नाही.

डोळे उघडले तेव्हा काचेवर राखाडी उजेड,
दिवा तसाच चालू,
घड्याळ तिच्या हातात, पट्टा सैल,
जवळजवळ कोपरापर्यंत सरकलेलं.
वहीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर
पेन्सिलीची ओळ, तिच्या बुटक्या अक्षरात:

०५:१० दृश्यमानता बरी. भाडेकरू झोपला.
मी जागी. या खेपेला खरंच.