चाकवत

पहाटे साडेचारला जाग येते.
पहिल्या पाळीची सवय. पाळी संपून सोळा वर्षं झाली,
अंग मात्र अजून रिटायर व्हायला तयार नाही.
अंथरुणातच दोन बोटं मनगटावर ठेवते,
पंधरा सेकंद मोजते, गुणिले चार.
जन्मभर दुसऱ्यांची नाडी धरली, आता आपली.
मधेच एक ठोका गळतो.
पूर्वी घाबरायचे.
आता म्हणते, दम खा बाबा, घाई कुणाला आहे?
आणि पुढचा येतो.
येतोच.
याला विश्वास म्हणायचं का, ठाऊक नाही.
डॉक्टर याला दुसरंच काहीतरी म्हणतात
आणि त्यावर अर्धी गोळी लिहून देतात.

तिकडं मिरज जंक्शनवर कुठलीशी गाडी उशिरा येतेय,
भोंग्यातली बाई तीन भाषांत दिलगिरी व्यक्त करते.
मी तिला रोज माफ करते.
दिवसाचं पहिलं सत्कर्म असं स्वस्तात पडतं.

तरुणपणी माझ्या प्रार्थना मोठ्या असायच्या:
लढाई थांबू दे, पटकी जाऊ दे, सॅमसनची दारू सुटू दे.
काही पोचल्या.
काही अजून वाटेत असाव्यात.
आता मागणं आटोपशीर.
लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडू दे.
आज उघडलं. फडकं धरून, तिसऱ्या खेपेला, पण उघडलं.
आमेन म्हणायला एवढं पुरे.

नऊला मंडईत गेले.
बेडगच्या गौराक्कापुढं उभी राहिले, तोंड उघडलं,
आणि भाजीचं नावच नाही.
"ती गं... ताकातली..."
"पालक? चुका?"
न्हवं, न्हवं.
मागं गिऱ्हाईक खोळंबलं.
मेथीची जुडी पिशवीत टाकून निघाले,
कान तापलेले, जानेवारीतसुद्धा.
आईचं असंच सुरू झालं होतं.
आधी भाज्या गेल्या, मग गावं,
मग आम्ही.

सतारमेकर गल्लीत एक पोरगा एकच तार लावत बसलेला.
चढवायची, कान द्यायचा, उतरवायची, पुन्हा चढवायची.
पिशवी खाली ठेवून मी बघत राहिले.
तार लागत नाही म्हणून ती टाकाऊ,
असं त्याच्या तोंडावर कुठंही नव्हतं.

दुपारी अडीचला, बशी विसळताना,
नळाच्या पाण्याबरोबर, न बोलावता:
चाकवत.
मोठ्यानं म्हटलं. रिकाम्या घरात पुन्हा म्हटलं.
पानामागची पिठूळ राख बोटांना लागल्यासारखी वाटली,
आईच्या गरगट्ट्याचा वास आला, त्यातले शेंगदाणेसुद्धा.

रविवारच्या शाळेत पोरांना सांगायचे ती गोष्ट,
दहातलं एक नाणं हरवतं,
बाई दिवा लावून सगळं घर झाडते,
सापडल्यावर शेजारणींना गोळा करते.
पोरं विचारायची, एवढ्याशा नाण्यासाठी?
मी काहीबाही उत्तर द्यायचे.
आता विचारा म्हणावं.

"शमशाद! ए शमशाद!"
ती ओल्या हातांनी धावत कुंपणाशी आली,
"या अल्ला, पडलीस की काय?"
"चाकवत!"
ती बघतच राहिली. मग तिला कळलं.
तिचीही 'किसणी' गेल्या महिन्यात दोन दिवस बेपत्ता होती.
"मग? घेतलास का?"
"नाही. मेथी आणली."
खोकला येईपर्यंत हसलो दोघी,
तिच्या नव्या कवळीसकट.

रात्री वहीत, जुन्या तक्त्यात लिहायचे तशी नोंद केली:
नाडी बहात्तर, एक ठोका गाळून.
झाकण उघडलं.
चाकवत.

उद्या गौराक्काकडं पहिलं गिऱ्हाईक मीच.
नाव चिठ्ठीवर लिहून ठेवलंय,
आणि चिठ्ठी कुठं ठेवलीय
ते शमशादला सांगून ठेवलंय.