सहावं सिटिंग

कर्वे रोड, चष्म्याच्या दुकानावर दुसरा मजला.
तेजल डोळ्यांवर काळी झापडं बसवते,
"हलायचं नाही काका, वीस मिनिटं",
आणि टकलावर लाल दिवा.

झापडांच्या फटीतून तोच रंग.
एकतीस वर्षं उभा होतो त्यात
कुमठेकर रस्त्यावर, स्टुडिओच्या मागच्या खोलीत,
ट्रे हलवत, हायपोच्या वासात.
कोऱ्या कागदावर आधी यायचे केस.
नेहमी केसच.
तेल थापून बसवलेले, दाखवायच्या फोटोतल्या मुलींचे,
हॉलतिकिटावरच्या पोरांचे.
मग भुवया, डोळे.
नाक बिचारं सगळ्यात शेवटी.

तेजलला म्हटलं, कागदाला लाल दिसत नाही,
म्हणून तर तिथे दिवा लाल.
ती म्हणाली, त्वचेला दिसतं.
असेल.

धाकटीने बाराचं पॅकेज भरलंय,
तिच्या लग्नाच्या अल्बमआधी काहीतरी उगवावं म्हणून.
रोज आरशात बघतो:
लव आहे, की टॉवेलचा धागा?

मोजत होतो, सवयीने, एकशे अकरा, एकशे बारा,
तेवढ्यात कुणीतरी दार उघडलं,
ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा थेट अंगावर,
आणि मी ओरडलो,
दार लाव आधी,
सगळं काळं पडेल!