तांब्याची तार

पियानोच्या जाड तारांवर तांबं गुंडाळलेलं असतं
हे मला एकसष्टाव्या वर्षी कळलं.
देवळालीहून ऑगस्टिन आला, तुटकी तार कागदात बांधून.
म्हणाला, मुंबईला टाकली तर महिना जाईल, तुम्हीच बघा.
तांबट आळीत इतकी वर्षं घंगाळं ठोकली, बंब ठोकले,
सूर गुंडाळून द्या
असं कुणी म्हटलं नव्हतं.

तीन तारा वाया गेल्या.
चौथीने धरलं.

रविवारी दुपारी पिलूबाईंच्या बंगल्यात
मला वेताची खुर्ची दिली, पुदिना घातलेला चहा दिला.
बाई म्हणाल्या, पहिला भाग नको, नुसती पळापळ आहे,
मधला वाजवते. सावकाश आहे.
मी मान हलवली. सावकाश काय नि जलद काय,
आमच्या कानांना ठोका तेवढा ठाऊक.

झाकण उघडं होतं. आत वाकून बघितलं
तर हातोड्या!
ऑगस्टिन म्हणाला पंच्याऐंशी.
सगळ्यांच्या डोक्याला नमद्याच्या टोप्या,
आणि घाई एकीलाही नाही.

डावा हात खाली उतरला. माझी तार बोलली.
कानाला नंतर. आधी ती
फरशीतून खुर्चीच्या पायात आली,
पोटरीत, गुडघ्यात,
मग कुठे छातीशी येऊन टेकली.

एक सांगायला हवं.
माझे कान वरून झिजलेत.
कुकरची शिट्टी, दारावरची घंटा, नातीची हाक
मला येत नाही. वडिलांनाही येत नसे,
आळीत त्याला कुणी आजार म्हणत नाही.
तर बाईंचा उजवा हात पार टोकाच्या पट्ट्यांकडे जायचा,
बोटं दाबायची, उचलायची,
आणि तिथे
काहीच नसायचं.
खालचे सूर मात्र थांबून थांबून
त्या काहीच-नाहीला जागा देत होते.

मध्येच तोफ झाली.
रेंजवर सराव असतो, देवळालीला त्याचं काही नाही.
काचा थरथरल्या, कपातला चहा थरथरला.
बाईंचे हात हवेत.
मला वाटलं दचकल्या.
ऑगस्टिन नंतर म्हणाला, छे, ती थांबायचीच जागा,
तिथे सूर लिहिलेला नाही,
नुसती वाट बघायची.

ती वाट मला माहीत होती.
घंगाळ मठारताना एक ठोका पडतो,
तांबं जरा दबतं, जरा सरकतं,
पुढचा कुठे घालायचा ते तेच सांगतं.
न विचारता घातला की पत्रा फाटतो.
वडिलांनी शिकवलं ते एवढंच, तेही
तोंडाने नाही.
माझं मनगट हवेत धरून ठेवायचे.

संपल्यावर बाईंनी विचारलं, कसं वाटलं?
म्हणालो, तार बसलीय.
नवं तांबं आहे, महिन्याभरात सैल पडेल,
तेव्हा पुन्हा ताणून घ्या.
वरच्या सुरांचं
काही बोललो नाही.

लॅम रोडला बसला वेळ होता.
समोर रसवंतीचं चाक फिरत होतं,
त्याचे घुंगरू हलताना दिसत होते.
खिशात तारेचा उरलेला तुकडा होता.
बोटाभोवती गुंडाळला, सोडला,
पुन्हा गुंडाळला.