पिकवणीची खोली

सावद्याच्या घराखाली
आमची केळी पिकवायची खोली.
धूर बंद होऊन वीस वर्षं झाली,
तरी पायऱ्या उतरलं की
नाकात गोडसर, कुजका वास.

रज्जाक मिस्त्री म्हणाला,
भिंत घाम टाकते, शेठ, आधी तिचं बघा.
तीन थर वॉटरप्रूफिंग, खाली लोखंडी सांगाडा.
बाराशे लिटरची काच
सहा जणांनी जिन्यातून तिरपी उतरवली,
वळणावर एकाचं बोट चेंगरलं.

हेमलता वरूनच बोलली:
बोअरचं पाणी सातशे फुटांवर गेलं
आणि तुम्ही मासे पाळता?
मी पाइप जोडत होतो.

पूर्वेच्या भिंतीला गिलावा करू दिला नाही.
तिच्यावर कोळशानं नानांचा हिशोब:
सतरा घड, हिरवे.
नऊ, पिवळे.
पुढे नुसती एक रेघ.
टाकी तिच्यासमोरच ठेवली.
आता पिवळे मासे
हिरव्यांच्या आकड्यावरून जातात.

काल रात्री लाइट गेली, पंप थांबला.
मासे वर येऊन तोंडं उघडू लागले.
हवा मिसळावी म्हणून
तांब्यानं पाणी उंचावरून सोडत राहिलो,
मोजत.
सतरानंतर चुकलो.

जिन्यात बांगड्या वाजल्या.
तिच्या हातात
दुसरा तांब्या होता.